गरड गुरुजींचा पुढचा उन्हाळा

आमच्या अंगणात कट्ट्यावर पाण्याची काळी टाकी आहे. तिच्यावर बोटाच्या पेरानं टकटक केली, की आत पाणी किती आहे ते आवाजावरून कळतं. ही विद्या मला गरड गुरुजींनी शिकवली. त्याआधी सतरा वर्षं मी शाळेत भूगोल शिकवत होतो. भूजल, पर्जन्यछायेचा प्रदेश, जलव्यवस्थापन असले शब्द फळ्यावर लिहून लिहून खडूचे खोके संपवले. पण स्वतःच्या टाकीत पाणी किती हे बघायला मला झाकण काढून मुंडकं आत घालावं लागायचं. गुरुजी आता नाशिकला मुलीकडं राहायला गेलेत. शेजारच्या घराला कुलूप आहे. तरी उन्हाळा लागला, की सकाळी चहा पिताना माझा कान त्यांच्या टकटकीकडंच असतो.

शेवगावाच्या बाहेर आमची बारा घरांची कॉलनी. नळाला पाणी आठवड्यातनं एकदा. गुरुजी सकाळी फिरायला म्हणून निघत, पण ते फिरणं म्हणजे बारा टाक्यांची हजेरी. पांढरा हाफ शर्ट, पायात प्लॅस्टिकची चप्पल, खिशात दोन पेनं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी त्यातलं एक लाल. बाजारात कलिंगड घेणारा माणूस ऐकतो तसं कान लावून ऐकायचं, आणि घराकडं तोंड करून निकाल सांगायचा. "सर, पाऊण हाय." "वहिनी, निम्म्याखाली आलीय, धुणं उद्यावर ढकला." सुरुवातीला मला याचा संताप यायचा. आपल्या टाकीची हालहवाल आपल्याआधी शेजाऱ्याला कळावी म्हणजे काय! मी हे एकदा बायकोला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "तुम्हाला कळत नाही म्हणून त्यांना कळतं." हिचं माहेर मिरजगाव. बोलणं थोडकं, पण बरोबर लागणारं.

गुरुजींना नोकरी लागली ती थेट कोकणात, दापोलीच्या पुढं समुद्राकाठच्या एका गावातल्या प्राथमिक शाळेवर. तिथं ते चौदा वर्षं होते. शाळेमागच्या एका खोलीत राहायचे, हातानं भात शिजवायचे आणि संध्याकाळी पायरीवर बसून समुद्र बघायचे. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, मात्र इकडंच. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, दावणीला दोन गाया, मुलीची शाळा, आणि या सगळ्यांसाठी पाणी भरायचं. गुरुजी दिवाळीत यायचे, मे महिन्यात यायचे, आणि परत निघताना दर वेळी काकूंना म्हणायचे, "पुढच्या उन्हाळ्याला तुला समुद्र दाखवतो."

एका दिवाळीला तर ते बाटलीत भरून समुद्र घेऊन आले. काकूंना तेवढा तरी बघायला मिळावा म्हणून. काकूंनी बाटली देवापुढं ठेवली. सासूबाईंनी ते तीर्थ समजून घोटभर घेतलं, आणि दिवसभर लेकाच्या नावानं बोटं मोडली. ही गोष्ट काकू हसून हसून सांगायच्या. मग पदरानं डोळे पुसायच्या आणि म्हणायच्या, "तेवढाच बघितलाय बगा मी समुद्र. बाटलीतला."

पुढं गुरुजींची बदली झाली, ते तालुक्यात आले. सासूबाई गेल्या, गाया विकल्या, मुलीचं लग्न झालं. आता जायला काय हरकत होती? पण तोवर गुरुजींनी नवंच त्रांगडं गळ्यात घेतलं होतं.

झालं असं, की कोकणातले त्यांचे जुने सहकारी सुट्टीत शिर्डीला, शिंगणापूरला यायचे आणि गुरुजींना विचारायचे, स्वस्तात एखादा लॉज आहे का? गुरुजींना लॉज या शब्दाचाच राग. "माणसानं पाहुणा व्हावं, गिऱ्हाईक हू नये," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते म्हणायचे, लॉज कशाला, आमच्या कॉलनीत घर देतो. फक्त तुमचं घर तेवढे दिवस आमच्या माणसांना द्या. यातनं घरांची अदलाबदल सुरू झाली. त्यांना देव पाहिजे होता, आम्हाला समुद्र. दर मे महिन्यात कॉलनीतलं एक कुटुंब कोकणात आणि कोकणातलं एक कुटुंब आमच्या कॉलनीत. भाडं नाही, आगाऊ रक्कम नाही, एसटीचं तिकीट काढलं की सुट्टी सुरू.

पण आलेल्या पाहुण्यांकडं बघायला कुणीतरी पाहिजे. कोकणातल्या माणसाला दारात विहीर, ते पाणी वापरायचं म्हणजे वापरायचंच. त्यांना नळाचा वार सांगायचा, टाकी वाजवून बघायची, शिंगणापूरची गाडी दाखवून द्यायची. हे सगळं गुरुजी करायचे. म्हणजे मे महिना आला की गुरुजी इथं. आणि काकूंचा समुद्र पुढच्या उन्हाळ्याला.

आता माझ्या सुट्ट्यांबद्दल दोन शब्द सांगतो, लाज सोडून. परवडणारी सुट्टी आखण्यात आपला हात कुणी धरणार नाही, असं मला मनापासून वाटायचं. माझी परवडणारी सुट्टी म्हणजे मिरजगाव. सासुरवाडी. दहा दिवस आमरस खायचा, दुपारी झोपायचं आणि हवापालट झाला म्हणायचं. एके वर्षी पोरं कुरकुर करायला लागली, तेव्हा मी तिथनंच खर्ड्याच्या किल्ल्याची सहल काढली. मे महिन्यातली भर दुपार. मी तटाला टेकून लढाईचं वर्णन करतोय, हातवारे करतोय, आणि थोरली म्हणाली, "बाबा, भिंत चटका देतीय." धाकट्यानं बूट काढला होता, तो दगडावर पाय ठेवून नाचायला लागला. मला वाटलं, लढाईचं वर्णन ऐकून अंगात आलंय. ही वेशीच्या सावलीत डोक्यावर पदर घेऊन बसली होती. डब्यातला दहीभात आंबला होता. येताना गाडीत ती एकच वाक्य बोलली. "पुढच्या सुट्टीत समुद्र नाही दाखवला, तर आम्ही तिघं जाऊ. तुम्ही बसा किल्ला राखत."

खरं सांगायचं तर समुद्र मीही पाहिला नव्हता. भरती-ओहोटी दरवर्षी फळ्यावर काढायचो. चंद्र, पृथ्वी, सूर्य, बाण. पोरं वहीत उतरवून घ्यायची. एकाही पोरानं कधी विचारलं नाही, सर, तुम्ही बघितलीय का? शेवगावची पोरं, मास्तरांची लाज राखणारी.

तर मी योजनेला बसलो. आलेखाचा कागद घेतला. एका बाजूला खर्च, एका बाजूला आनंद. बायकांना एसटीत अर्धं तिकीट, पोरांना अर्धं. म्हणजे आमच्या घरात महागडा माणूस मी एकटाच निघालो. तो गाळता येईना. मग समुद्राकाठच्या एका हॉटेलला फोन लावला. तो म्हणाला, खोलीतून समुद्र दिसतो. त्यानं भाडं सांगितलं. मी विचारलं, "खिडकी बंद ठेवली तर काही कमी होईल का?" त्यानं फोन ठेवला.

भिंतीपलीकडनं हसू आलं. गुरुजी आमची टाकी वाजवायला आले होते, सगळं ऐकलं होतं.

"सर, खिडकी कशाला बंद करताय? रेवाळ्यांचं घर देतो तुमाला. अंगणातनं समुद्र दिसतोय. त्यांच्या आईला शिर्डी करायचीय."

रेवाळे सर म्हणजे गुरुजींच्याच त्या जुन्या शाळेवरचे शिक्षक. माझा आलेखाचा कागद त्याच दिवशी पोळ्यांच्या डब्यात गेला, तळाला.

गुरुजींचे नियम होते. कपाटाला कुलूप लावायचं नाही. "ज्याचा इस्वास न्हाई त्यानं लॉज करावा." पाहुण्यांच्या पहिल्या जेवणाची सोय आपण करून ठेवायची, भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी. आणि निघायच्या आधी रंगीत तालीम. म्हणजे अख्ख्या घरानं सगळ्या पिशव्या घेऊन बसस्टँडपर्यंत चालत जायचं आणि परत यायचं. जी पिशवी वाटेत जड वाटेल ती घरी ठेवायची.

आमची तालीम सगळ्या कॉलनीनं दारात उभं राहून बघितली. मी दोन सुटकेसा, एक थर्मास, एक सतरंजी आणि भूगोलाचा नकाशा घेऊन पुढं. पिंपळाच्या पाराजवळ एका सुटकेसचं चाक निखळलं. गुरुजी मागनं सायकल हातात धरून येत होते. त्यांनी मला पारावर बसवलं, सुटकेस उघडली आणि एकेक वस्तू बाहेर काढली. इस्त्री. कडक इस्त्रीचे तीन शर्ट. दाढीचा आरसा. शेवटी नकाशा हातात घेऊन म्हणाले, "सर, समुद्र पश्चिमेलाच हाय. हालायचा न्हाई." बायकोनं ते वाक्य अजून सोडलेलं नाही. मी चष्मा शोधायला लागलो तरी ती म्हणते, समुद्र पश्चिमेलाच हाय.

त्या वर्षी एक गोष्ट आणखी ठरली. गुरुजी आणि काकू आमच्याबरोबर येणार. रेवाळ्यांनी शाळेमागची ती जुनी खोली उघडून ठेवायचं कबूल केलं होतं. "रेवाळे घरचंच मानूस," गुरुजी म्हणाले, "देवाच्या गाड्या लिहून ठिवतो. तुमची टाकी भरलेली हाय, ती आठ दिवस पुरंल. मग मी हितं कशाला पाहिजे? सर, समदं तुमच्या टाकीवर हाय बरं का."

काकूंनी निळं लुगडं काढून ठेवलं. एकदा सांजच्याला आमच्याकडं येऊन त्यांनी हिला हळूच विचारलं, "समुद्रात उतरताना लुगडं कुटवर धरायचं असतं वो?" हिलाही माहीत नव्हतं. दोघी हसत बसल्या.

आता माझा पराक्रम ऐका. निघायच्या आदल्या दिवशी मला घर स्वच्छ करायचं वारं भरलं. अनोळखी माणसं येणार, काय म्हणतील? आम्ही दिवाळीला झाडलं नव्हतं तेवढं घर झाडलं. गोधड्या धुतल्या, जाळ्या धुतल्या, फरश्या दोनदा धुतल्या. मग दुपारी मी टाकीचं झाकण काढलं, तर तळाला गाळ. म्हटलं, कोकणातली माणसं, स्वच्छ पाण्याला सरावलेली. हा गाळ त्यांच्या बादलीत यायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी नळ येणारच होता. मी उरलंसुरलं पाणी सोडून दिलं, आत उतरलो आणि टाकी ब्रशनं घासून लख्ख केली. नळाचा पाइप आत सोडून, वाल उघडा ठेवून दिला. म्हटलं, पाहुणे संध्याकाळी येतील, टाकी दुपारीच भरलेली असेल, तीही नव्या पाण्यानं. गुरुजींना सांगितलं नाही. मुद्दामच. त्यांना परत आल्यावर सांगायचं होतं, की बघा, जलव्यवस्थापन याला म्हणतात.

सकाळी आम्ही रिक्षानं स्टँडवर पोचलो. गाडी लागली होती. गुरुजी-काकूंसाठी मी दोन जागा धरल्या. गुरुजी आले ते एकटेच, सायकलवर, घामाघूम.

"सर, तुमी व्हा म्होरं. काकूंची बहीन यायचीय, आत्ताच फोन आला. आमी दोन दिसांनी येतो."

"बरं," मी म्हणालो. एवढंच. "काय झालं?" नाही, "आम्ही थांबू का?" नाही. त्यांच्या दोन जागा मोकळ्या राहिल्या, त्यांवर मी पाय पसरले आणि पुण्यापर्यंत मस्त झोपलो.

समुद्र बघितला. त्याचं वर्णन करत नाही, कारण पहिल्या दिवशी मीच त्याच्यासमोर उभा राहून पोरांना चंद्राचं आकर्षण समजावत होतो आणि तेवढ्यात लाट माझी उजवी चप्पल घेऊन गेली. थोरलीनं विचारलं, "बाबा, हे चंद्रानं केलं का?" रेवाळ्यांच्या शेजारणीनं सोलकढी पाठवली, तांदळाची भाकरी पाठवली. ही रोज संध्याकाळी वाळूत बसायची आणि माझ्याकडं अशी बघायची, की लग्नानंतर सतरा वर्षांनी माझी काहीतरी किंमत वाढली असावी. मी रोज म्हणायचो, गुरुजी अजून कसे आले नाहीत? आणि दुसरी भाकरी घ्यायचो.

चौथ्या दिवशी रेवाळ्यांचा फोन आला.

"सर, तुमचे गुरुजी म्हणजे काय माणूस आहे हो! आम्ही आलो तर टाकीत थेंब नाही. नळ त्या दिवशी आलाच नाही, अजून नाही आला. पण आम्हाला काही कमी पडलं नाही. गुरुजी रोज मळ्यातल्या भाच्याच्या बोअरवरून सायकलला कॅन लावून पाणी आणतात. काकू डोक्यावर हंडा घेऊन. माझ्या आईनं त्यांचे पाय धरले."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळं एकदम कळलं. आम्ही स्टँडवर गेल्यावर गुरुजींनी निघता निघता शेवटची म्हणून माझ्या टाकीवर टकटक केली असणार. काकू निळं लुगडं नेसून, पिशवी घेऊन दारात उभ्या असणार. आणि टाकी रिकामी वाजली असणार. त्यांनी मला स्टँडवर येऊन ते सांगितलंही नाही, कारण सांगितलं असतं तर माझी पोरं गाडीतनं उतरली असती.

मी हिला सांगितलं. सतरा वर्षांत पहिल्यांदा तिला बोलायला शब्द सापडला नाही, आणि त्याची मला भीती वाटली. मी गुरुजींना फोन लावला, म्हणालो, आम्ही उद्याच निघतो.

"अजिबात न्हाई," गुरुजी म्हणाले. "पाहुन्याचं घर आसं आर्ध्यात सोडायचं नसतं. पोरांची सुट्टी हाय. राहा."

"गुरुजी, माझं चुकलं."

"टाकी लई सोच्छ घासलीय मात्र," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणूनच जास्त लागला.

परत आलो त्या दिवशी मी मान खाली घालून त्यांच्याकडं गेलो. काकूंनी चहा केला. डोक्यावर हंड्यासाठी घेतलेली चुंबळ अजून खिडकीतच होती. निळं लुगडं घडी करून परत पेटीत गेलं होतं. काकूच समोर बसल्या आणि म्हणाल्या, "सर, तितलं पानी गार असतं का कोमट?"

मी सुरू झालो. क्षारांचं प्रमाण, बाष्पीभवन, सागरी प्रवाह. काकू मन लावून ऐकत होत्या. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी परत विचारलं, "व्हय, पन गार का कोमट?"

मला सांगता येईना. आठ दिवस मी त्या पाण्यात उभा होतो आणि मला आठवेना. मी तिथं फक्त शिकवत होतो. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"ऱ्हाऊ द्या," काकू म्हणाल्या. "पुढच्या उन्हाळ्याला जायचं म्हनत्यात."

त्या वर्षभरात मी एकच काम मनापासून केलं. पुढच्या मे महिन्यात गुरुजी जाणार आणि मी इथं थांबणार, हे मी गणपतीतच जाहीर केलं. हिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरोबर आहे. मी पोरांना घेऊन मिरजगावला जाते. तुम्ही बसा टाकी राखत." रेवाळे परत येणार होते, आईला मोहट्याच्या देवीला जायचं होतं. मागच्या खेपेला एवढे हाल होऊनही ते येत होते ते गुरुजींसाठी. फक्त गुरुजींना माझ्यावर घर सोपवायचा धीर होईना.

"सर, तुमाला पान्याचा कान न्हाई," ते म्हणायचे.

"शिकवा मला."

मग त्यांनी खरोखर शाळा घेतली. एप्रिलभर रोज सकाळी मी त्यांच्या मागनं बारा टाक्या वाजवत फिरलो. कॉलनीतल्या बायका पडद्याआडनं हसायच्या. "ही किती?" "निम्मी." "पाऊण हाय. डोळं झाकून ऐका." परीक्षा तर चक्क लाल पेनानं घेतली. पहिल्यांदा मी बारापैकी सात टाक्यांत नापास झालो. दुसऱ्या खेपेला अकरा बरोबर आल्या. बारावी माझीच होती. ती पूर्ण भरलेली होती आणि मी भीतीनं रिकामी सांगितली. गुरुजींनी तिथं अर्धा मार्क दिला. म्हणाले, "ह्यो आर्धा मार्क भ्यायला."

निघायच्या दिवशी मी स्टँडवर गेलो. काकू खिडकीशी बसल्या होत्या, तेच निळं लुगडं, मांडीवर पिशवी, पिशवीला दोन्ही हातांची मिठी. गुरुजी दारात उभे राहून मला सूचना देत होते. नळ उद्या येईल, पाच वाजता. वाल डावीकडं फिरवायचा. रेवाळ्यांच्या आईला गाडीत पुढची जागा. टाकी भरली, की लगेच बंद करायची, एक थेंब वाया जाता कामा नये. कंडक्टरनं घंटी दिली तसे ते एकदम म्हणाले, "थांबा, एकदा वाल बघून येतो, सायकल कुनाची मिळंल—"

काकूंनी खिडकीतनं हाक मारली नाही. त्या उठून दारापर्यंत आल्या. त्यांनी गुरुजींच्या शर्टाची बाही धरली.

"बसा," त्या म्हणाल्या.

गुरुजी बसले. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी तिथंच उभा होतो. खोटं कशाला सांगू, गाडी कुठं मध्येच थांबतेय का, ते बघत होतो.

दुसऱ्या दिवशी रेवाळे मंडळी मोहट्याला गेली होती. पाच वाजता नळ आला. मी कट्ट्याजवळ खुर्ची टाकून बसलो, दर दोन मिनिटांनी टाकी वाजवत. पाव. निम्मी. तेवढ्यात फोन वाजला. गुरुजींचा. व्हिडिओ कसा लागला ते त्यांनाही कळलं नसणार.

"सर, नळ आला का?"

"आला."

"कुटवर भरली?"

मी वाजवून दाखवली. त्यांनी कान फोनला लावला असणार, कारण मला नुसता कानच दिसला. "पाऊण," ते म्हणाले. अर्ध्या महाराष्ट्राच्या पलीकडनं, फोनवरनं.

"ठेवा की आता त्यो फोन," काकूंचा आवाज आला.

गुरुजींनी फोन ठेवला, पण शर्टाच्या खिशात. चालूच. दोन पेनांच्या मधनं मला वाळू दिसायला लागली. हलणारी वाळू, मग पाणी, मग काकू. पाठमोऱ्या. निळं लुगडं घोट्याच्या वर धरून उभ्या होत्या. लाट येत होती आणि त्या एक पाऊल मागं येत होत्या. परत पुढं जात होत्या. त्या वयाची बाई अशी खेळताना मी कधी पाहिली नव्हती. मी फोन बंद करायला पाहिजे होता, ते मला कळत होतं. पण मी बघत राहिलो.

"येवडं पानी," काकू म्हणाल्या. "आन एक हंडा भरून न्यायच्या कामाचं न्हाई."

मग त्या गुरुजींकडं वळल्या.

"हितं चौदा वर्सं बसत हुता व्हय तुमी? ह्याच्यासमोर?"

"त्या पायरीवर. ती बघ, तिथं."

"आन मी तिकडं पानी भरत हुते."

चित्र हललं, गुरुजी दोन पावलं पाण्याकडं गेले असणार. मग त्यांचा आवाज आला, "पुढच्या उन्हाळ्याला परत येऊ."

"पुढच्या उन्हाळ्याला न्हाई," काकू म्हणाल्या. "उद्या. उद्या सकाळी परत यायचं. रोज यायचं."

माझे डोळे भरून आले होते, सांगायला कसली लाज. आणि नेमकी तेव्हाच पलीकडच्या घरातनं वहिनींची आरोळी आली, "अहो सर! टाकी वाहतीय! सर!" मी दचकून बघितलं. टाकीवरनं पाणी धो धो कट्ट्यावर, कट्ट्यावरनं माझ्या पायावर आणि अंगणातनं थेट रस्त्यावर.

खिशातनं गुरुजींनी ती आरोळी ऐकली. फोन बाहेर आला, आधी आकाश दिसलं, मग गुरुजींचं पांढरं पडलेलं तोंड. "सर! वाल! वाल बंद करा! उजवीकडं!"

तेवढ्यात त्यांच्या हातातला फोन कुणीतरी काढून घेतला. काकूंचा चेहरा आला, अगदी जवळून, कपाळाला ओले केस चिकटलेले.

"सर, कोमट हाय वो!" त्या म्हणाल्या. "वरनं कोमट, आन पायाखाली गार."

"काकू, टाकी वाहतीय इथं. मी बंद करतो आधी—"

"वाहू द्या," काकू म्हणाल्या. "आज जरा वाहू द्या."

आणि त्यांनी फोन बंद केला. मी वाल फिरवला, पण जरा सावकाशच.